ड्रायव्हरच्या बाजूचं दार

१

रविवारी सकाळी सातला मी दोन बादल्या भरते. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. दोन्हींच्या तळाशी जाळी ठेवलेली असते, म्हणजे फडक्यातून सुटलेली माती खाली बसते आणि परत वर येत नाही. फडकं साबणात बुडवायचं, गाडीचा एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून घ्यायचं, मग पुन्हा साबणात. नेहमी वरून खाली. आधी टप, मग काचा, बॉनेट, दारं, आणि सगळ्यात घाणेरडा खालचा भाग शेवटी. चाकांचं फडकं वेगळं. ऊन अंगणात यायच्या आत उरकायचं, नाहीतर पाणी रंगावरच सुकतं आणि पांढरे ठिपके ठेवून जातं.

हे मला उस्तादांनी शिकवलं. उस्ताद म्हणजे गॅरेजमधले जुने रंगारी. माझा नवरा त्यांच्याच हाताखाली तयार झाला. त्याला मी ‘पेंटर’ म्हणायचे आणि तो मला ‘डॉक्टरीणबाई’. मी डॉक्टर नाही. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, नंबर काढून देते. पण अंगात पांढरा कोट असतो म्हटल्यावर त्याच्या लेखी मी डॉक्टरच.

पेंटरनं सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या रंगवल्या. ठोकलेल्या, घासलेल्या, गंजलेल्या. त्याच्याकडे गाडी यायची ती काहीतरी होऊन गेल्यावरच. “एकदा अशी गाडी हवी,” तो म्हणायचा, “जिला अजून काहीच झालेलं नाही.” शेवटी आम्ही ती मागवली. रंग त्यानंच निवडला. गडद निळा, ढगाळ दिवशी काळाच वाटेल असा. मी म्हटलं, पांढरी घेऊ, धूळ तरी दिसणार नाही. तर म्हणतो, “पांढरा रंग पोटात ठेवतो. गडद रंग सगळं सांगून टाकतो.”

गाडी यायला चार महिने होते. तिसऱ्या महिन्यात, एका दुपारी, कुणाच्या तरी गाडीच्या काचांना कागद चिकटवता चिकटवता तो जरा टेकतो म्हणून खाली बसला. उठला नाही.

गाडी रद्द कर, असं सगळे म्हणाले. लेकही म्हणाली. मी नाही म्हटलं. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. त्यानं मागवलेली एक गोष्ट अजून यायची होती, एवढंच.

ती आली. अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली. लेक एकदा आत बसली, स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली, आणि परत बसली नाही. रस्त्याच्या टोकाला गाड्या धुऊन देतात, तिथं देऊ, असं मी म्हटलं तर उस्ताद भडकले. “वहिनी, ते लोक एकाच फडक्यानं चाकं पुसतात आणि त्यानंच बॉनेट. महिन्याभरात रंगावर बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं उठेल. घरी धुवा.” एका रविवारी ते स्वतः आले. सगळं दाखवलं. खिशातून रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र काढून गाडीच्या प्रत्येक भागावर टेकवलं. सगळीकडे एकशे दहाच्या आसपास आकडा आला.

“कंपनीचा रंग एवढाच असतो,” ते म्हणाले. “माणसाच्या केसाहून जरासा जाड. म्हणून जपायचं.”

मी जपू लागले.

२

आमच्या अंगणाची रचना सांगते, कारण तिचा संबंध आहे. गाडी उभी असते तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूचं दार घराकडे असतं. मी त्या दारासमोर चौरंगावर बसले की माझ्या पाठीमागे आठ पावलांवर स्वयंपाकघराचं मागचं दार. मध्ये फरशी, नळ, कपड्यांची दोरी. बाकी काही नाही.

गाडी आल्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यातला रविवार होता. धुऊन, टिपून झालं होतं. टिपायचं म्हणजे पुसायचं नाही, मोठा टॉवेल अंथरून वरनं थोपटायचं. मग मेणाचा हात दिला. मेण धरलं की बोटाएवढ्या जागेत दहा दहा थेंब मोत्यासारखे उभे राहतात, आणि कोरडं पुसलं की रंग असा काही खोल होतो की त्यात हात घालावासा वाटतो. शेवटचं फडकं फिरवून मी मागे टेकले आणि पाहिलं. रंगात माझं डोकं होतं, माझ्यामागे अंगण, त्यामागे स्वयंपाकघराचं दार. दार उघडं होतं.

मांजर शिरतं म्हणून मी कडी घालून आले होते. वळून पाहिलं. कडी होती. परत गाडीकडे पाहिलं, तर दार उघडं. वीतभर नव्हे, चांगलं सताड.

मला हसू आलं. गाडीचं दार म्हणजे आरसा नव्हे. ते बाहेरच्या बाजूला फुगलेलं असतं, मधे एक दुमड असते, दुमडीखाली ते आत वळतं. फुगीर आरशात सरळ रेषा वाकतात. चौकटीची सावली फाकली असेल आणि मला दार दिसलं असेल. शिवाय माणसाच्या नजरेवर माझा व्यवसायानंच विश्वास नाही. रोज माझ्यासमोर लोक खुर्चीत बसतात आणि तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधड वाचून दाखवतात. अक्षर ‘ग’ असतं, ते ‘म’ म्हणतात. ते खोटं बोलत नाहीत. त्यांना दिसायला हवं असतं, म्हणून दिसतं.

मी बादल्या उपड्या घातल्या, फडकी दोरीवर टाकली आणि कडी काढून आत गेले. आत जाताना उंबऱ्यावर जरा थबकले, हे खरं आहे. कुणाला तरी वाट द्यावी तशी.

३

पुढच्या रविवारी दार उघडं होतं आणि आत दिवा होता.

त्यापुढच्या रविवारी उंबऱ्यावर कुणीतरी उभं होतं.

मी तपासणी केली. उजवा डोळा झाकून पाहिलं, मग डावा. दुकानातून जाड काळ्या कागदाचा तुकडा आणला, त्याला सुईनं भोक पाडलं. नजरेत दोष असेल तर बारीक भोकातून बघितल्यावर सगळं स्पष्ट होतं, ही आमची सगळ्यात जुनी युक्ती. भोकातून मी नळ पाहिला, दोरी पाहिली. होत्या तशाच. मग गाडीचं दार पाहिलं. उंबऱ्यावरची आकृती स्पष्ट झाली. राखाडी डांगरी, गुडघ्यांवर रंगाचे शिंतोडे. उजवा पाय जरा बाहेर टाकून उभं राहायची ढब.

ती ढब मी पंचवीस वर्षं पाहिली होती.

चेहरा दिसत नव्हता. गाडीच्या दाराला जी दुमड होती, नेमकी तिच्यावर मान यायची आणि वरचं सगळं वाकून, पातळ होऊन, निळ्यात मिसळून जायचं. मी चौरंग काढून फरशीवर बसले. मग गुडघ्यांवर उभी राहिले. मी वर झाले की दुमडही जणू वर व्हायची.

मनी वसे ते स्वप्नी दिसे, असं म्हणून सोडून देता आलं असतं. मी ते स्वतःला म्हटलंही, आणि बुधवारी दुकानाला उशिरा येते असं कळवून पुन्हा बादल्या भरल्या.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा गाडी धुवायला लागले, मग तीनदा. शेजारीण भिंतीवरून डोकावून म्हणाली, “अहो, साबण लावून लावून गोरी करणार का तिला?” मीही हसले. धूळ नसायचीच. पण धुतल्याशिवाय, मेणाचा हात दिल्याशिवाय तो दिसत नसे. आणि प्रत्येक धुण्यागणिक तो जरा पुढे येत होता. उंबऱ्यावरून पायरीवर. पायरीवरून फरशीवर. नळापाशी आला तेव्हा सकाळी शेडमध्ये थिनरचा वास यायला लागला होता.

तो वास मला काय होता, ते कसं सांगू? पेंटर घरी यायचा तेव्हा त्याच्या चार पावलं आधी तो वास यायचा. लग्न झालं तेव्हा मला त्यानं मळमळायचं. नंतर तो आला नाही की भूक लागायची नाही. तो गेल्यावर मी त्याची डांगरी धुतली, ही माझी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक. आणि आता शेडमध्ये, गाडीच्या त्या एकाच दारापाशी, तो वास होता. मी तिथं चहाचा कप घेऊन बसायचे. कधी कधी बोलायचेही. काही खास नाही. लेकीला दुसऱ्या गावी मोठी नोकरी मिळतेय, पण ती जायचं नाव काढत नाही. गिझर बिघडलाय. असलंच.

मागे वळून मात्र बघायचे नाही. वळलं की तिथं नुसतं अंगण असणार, हे मला माहीत होतं. मग कशाला वळा?

४

उस्ताद सहज म्हणून आले. मी त्यांना गाडी दाखवली, कौतुकानं. ते बॉनेटवरून हात फिरवत आले. “वा, वहिनी. पोरं कामाला ठेवावीत तर तुमच्यासारखी.” मग हात ड्रायव्हरच्या दारावर आला आणि थांबला.

त्यांनी हात काढून घेतला, बोटं एकमेकांवर चोळली. खिशातलं यंत्र काढून दाराला टेकवलं. आकडा पाहिला, यंत्र बॉनेटला टेकवलं, परत दाराला.

“कुणी ठोकली होती का हो?”

“छे! गेटच्या बाहेर चार वेळा गेली असेल. लेक चालवते, मला कुठं येते.”

“मग हे दार कुणी रंगवलं?”

“कुणीच नाही. तुम्हीच तर मोजलं होतं. एकशे दहा.”

त्यांनी यंत्र माझ्यासमोर धरलं. तीनशे चाळीस.

“एकावर एक हात मारलेत,” ते म्हणाले. दाराशी गाल टेकवून, एक डोळा मिटून, ते रंगाच्या कडेनं उजेडात पाहत राहिले. “पातळ पातळ. घाई नाही कुठं. कण नाही, ओघळ नाही.” मग त्यांनी दाराच्या खालच्या कडेला अंगठ्याचं नख दाबलं. नख उचललं तिथं बारीक चंद्रकोर उमटली होती. “वहिनी, सहा महिन्यांच्या गाडीचा रंग नखाला दबत नाही. हा अजून सुकतोय.”

“म्हणजे?”

“म्हणजे या आठवड्यातला आहे.”

मी त्यांना विचारलं, यावर ते कोटिंग का काय म्हणतात ते लावता येईल का. काचेसारखा थर बसतो, मग दोन-तीन वर्षं मेणाची गरज नाही, असं त्यांनीच मागे सांगितलं होतं. ते म्हणाले, “ताज्या रंगाला लावत नाहीत. त्याला महिनाभर श्वास घेऊ द्यावा लागतो. झाकलं तर आतलं आत कोंडतं.” बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते.

“उस्ताद, हात कुणाचा आहे?”

साठी उलटलेला माणूस. त्यांनी यंत्र खिशात घातलं, परत काढलं, परत घातलं. “माझ्याकडे शिकलेल्यांत असा हात एकाचाच होता,” ते म्हणाले. “पण त्याचं काय, वहिनी. हात शिकता येतो. बघून बघून कुणीही शिकतो.”

चहा न घेताच गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

५

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट त्या रात्री मला शांत झोप लागली. कुणीतरी माझ्यासाठी काहीतरी करतंय, रोज थोडं थोडं, नीट, घाई न करता, या विचारानं.

शनिवारी सकाळी मी दुकानात जायला निघाले तर लेक चप्पल घालून दारात उभी. “आई, पाच मिनिटं बस.”

ती तिच्या बापासारखी आहे. एरवी दिवसभर वटवट करील, पण कामाचं बोलताना चार शब्दांच्या वर जात नाही.

“ती गाडी विकू या.”

“का गं?”

“विकू या ना.”

“बाबानं घेतलेली आहे.”

“बाबानं मागवलेली आहे. घेतली तू.” मग तिनं ओठ चावला. “आई, तू तिथं बसून बोलतेस. मी ऐकते खिडकीतून. ते ठीक आहे, मीपण बोलते त्याच्याशी, मनात. त्याचं काही नाही. पण मागच्या मंगळवारी तू दुकानात होतीस, पाऊस शिंतडून गेला होता, डाग पडतील म्हणून मी टॉवेल घेऊन पुसायला गेले. तुझ्यासाठी. ड्रायव्हरच्या बाजूचं दार पुसलं. त्यात आपलं स्वयंपाकघराचं दार उघडं दिसलं.”

 मला भीती वाटली नाही. मत्सर वाटला. तो हिलाही दिसला.

“दिसला ना?” मी म्हटलं. “कुठपर्यंत आला होता?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “कोण?”

“बाबा.”

“आई, बाबा नव्हता. तू होतीस.”

आत कुठंतरी नळ ठिबकत होता. लेक पुढं बोलत होती, जमिनीकडे बघून. “तू आत होतीस. ओट्यापाशी, पाठमोरी. ही साडी नाही, तो तुझा जुना गाऊन. मी म्हटलं, आई कधी आली घरी? वळून बघितलं तर कडी. परत बघितलं तर तू वळली होतीस. आणि हसत होतीस. बाबा गेल्यापासून तू अशी हसली नाहीस. मला तेच...”  मी तिचा हात धरला. गार पडला होता.

“मी लगेच तुला दुकानात फोन केला होता, आठवतंय? उगाचच. भाजी काय आणू म्हणून.”

आठवत होतं. त्या वेळी मी एका म्हाताऱ्या बाईंचे डोळे तपासत होते आणि मधेच मला कसंतरी झालं होतं. हात हलके झाल्यासारखे. खुर्चीतल्या बाई म्हणाल्या होत्या, “पोरी, कुठं गेलीस?” मी म्हटलं होतं, इथंच आहे.

“नोकरीला का जात नाहीयेस तू?” मी लेकीला विचारलं.

“तू इथं असशील की नाही, माहीत नाही म्हणून,” ती म्हणाली. “एक गेला. दुसरी तरी राहू दे मला.”

६

उस्तादांना फोन केला. लेक काय म्हणाली ते सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की कोटिंग लावायचं आहे, ताज्या रंगावरच. ताज्याला लावत नाहीत, असं या वेळी ते म्हणाले नाहीत. म्हणाले, “बाटली पाठवून देतो. उद्याच लावा. पहिले बाकीचे भाग करा, हात बसू द्या. ते दार शेवटी. आणि वहिनी, लेकीला जवळ ठेवा.”

रविवारी सकाळी आम्ही दोघींनी गाडी धुतली. मग स्पिरिटच्या फडक्यानं सगळं जुनं मेण उतरवलं. कोटिंग लावायची रीत अशी: स्पंजच्या ठोकळ्यावर फडकं गुंडाळायचं, त्यावर चार थेंब, आधी आडवे हात, मग उभे. अर्धा मिनिट थांबायचं. रंगावर इंद्रधनुष्यासारखी साय धरते. ती धरली की कोरड्या फडक्यानं पुसून टाकायची. उशीर केला तर तिथंच कडक होते, मग निघत नाही. छोट्या छोट्या तुकड्यांत करायचं.

टप झाला. बॉनेट झालं. पलीकडची दारं, डिकी. लेक फडकी बदलून देत होती, मी लावत होते. आम्ही बोलतही होतो, तिचं ऑफिस, तिथली खोली, असंच. मग एकच दार उरलं. मी चौरंग ओढला. लेक माझ्या खांद्याला खेटून उभी राहिली.

“तुला काही दिसतंय?” मी विचारलं.

“मी बघतच नाहीये,” ती म्हणाली. तिनं डोळे घट्ट मिटले होते.

तो अगदी जवळ होता. मेण नसतानाही. माझ्या खांद्याच्या मागे, लेक उभी होती त्याच जागी, पण लेक रंगात नव्हती. डांगरीची शिवण न् शिवण दिसत होती. मी ठोकळा वरच्या कोपऱ्यात टेकवला आणि आडवा हात मारला, मग उभा. साय धरली, पुसली. तेवढ्या पट्टीत नुसतं अंगण उरलं. नळ, दोरी, बंद दार.

मी खाली खाली येत गेले. त्याला कळलं असावं. तो वाकला.

इतके महिने मी ज्या दुमडीला शिव्या देत होते, तिच्या खाली तो वाकून आला, आणि मला त्याचा हात दिसला. रंगाच्या आतून टेकवलेला पंजा. नखांत निळं. तो हात घासायला लागला. धुकं धरलेली काच बघायला पुसतात ना, तसा, भराभर. मी माझा हात थांबवला. तो थांबला नाही.

“आई?” लेक म्हणाली. “थांबलीस का?”

खरं सांगते. तेव्हा लेकीचा हात माझ्या खांद्यावर नसता तर मी स्पंज खाली टाकला असता. मला एकदाच त्याचं तोंड बघायचं होतं. त्याला विचारायचं होतं, त्या दुपारी दुखलं का रे. एवढंच. सकाळी डबा देताना मी त्याच्याकडे न बघता “हं” म्हटलं होतं. ते शेवटचं होतं, हे कुणी आधी सांगत नाही.

मी चार थेंब घेतले आणि त्या हातावरून फडकं फिरवलं. आडवं. उभं. साय धरत गेली, जांभळी, हिरवी, आणि तिच्यामागे तो हात हळू झाला. मी पुसलं. अंगण आलं. पुढचा तुकडा, तिथंही अंगण. थिनरचा वास सरत गेला, कुणीतरी खोलीतून उठून जावं तसा. मी रडत होते आणि हात चालू होते. पेंटर म्हणायचा, रडायचं तर रड, पण कड सोडू नकोस.

दार संपलं. लेकीनं डोळे उघडले. दारात आम्ही दोघी दिसत होतो.

“संपलं?” तिनं विचारलं.

“संपलं,” मी म्हटलं.

७

लेक पुढच्या महिन्यात नोकरीवर रुजू झाली. शनिवारी येते, रविवारी दुपारी जाते. अंगावर मूठभर मांस चढलंय. उस्ताद येऊन गेले, चहा घेतला, दार मोजायला मात्र यंत्र काढलं नाही. गाडी आता लांबून काचेची वाटते. पाणी टाकलं की थेंब उभे राहतात आणि घरंगळून जातात, काही टिकत नाही. सगळे म्हणतात, किती छान ठेवलीस.

मी एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. त्या दिवशी मी त्या दाराच्या मुठीखाली, किल्लीच्या भोकाच्या बाजूला, करंगळीच्या नखाएवढी जागा सोडली. चुकून नाही. तिथं बोट ठेवलं आणि भोवतीनं फडकं फिरवलं.

तिथं पाणी थेंब धरत नाही, नुसतं पसरतं. आणि तिथं तो येतो. सगळा मावत नाही. एक डोळा मावतो.

मी डोळे ओळखते. माणसांचे चेहरे विसरते, पण डोळे नाही. पेंटरची आणि माझी ओळखच डोळ्यानं झाली. घासताना पत्र्याची ठिणगी उडून त्याच्या डाव्या डोळ्यात गेली होती, मी नुकतीच एका डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला लागले होते, डॉक्टरांनी कण काढला तेव्हा दिवा मी धरला होता. जखम भरली, पण बुबुळावर खसखशीएवढा पांढरा डाग राहिला. तो डाग मी आयुष्यभर पाहिला. भांडताना तिकडेच बघायचे. शेवटच्या दिवशी पापण्या मिटल्या त्याही मीच.

त्या जागेतला डोळा डावा आहे. रंग तोच, मधासारखा. पापणीचा केस न् केस तोच. डाग नाही.

पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी दोन आठवडे शेडमध्ये गेले नाही. मग स्वतःला समजावलं. तिकडे गेल्यावर डाग निघत असतील. नवं कोरं होत असेल माणूस. काहीच झालं नसल्यासारखं. त्याला तेच हवं होतं. रोज माझ्यासमोर बसून लोक नसलेली अक्षरं वाचतात, मी त्यांना कधी हसले नाही.

काल रविवार होता. धुऊन झालं. लेक आत सामान भरत होती. मी दुकानातला छोटा दिवा आणला होता, डोळ्याची बाहुली तपासायचा. त्या जागेवर उजेड टाकला. बाहुली आकसली, टाचणीच्या डोक्याएवढी झाली. जिवंत डोळा आकसतो. 

मग मी दिवा विझवला. उजेड गेला की बाहुली मोठी होते, तो नियमच आहे. ती मोठी झाली. नेहमीएवढी झाली, आणि थांबली नाही. मधाच्या रंगाची कड बारीक होत गेली, दोऱ्याएवढी उरली, मग तीही गेली. नखाएवढी जागा नुसती काळी झाली, आणि त्या काळ्यात, खूप आत, स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता.

“आई, झालं का गं?” लेकीनं आतून विचारलं. “माझी गाडी सुटेल!”

“आलेच,” मी म्हटलं, आणि चौरंग आणखी थोडा पुढे ओढून बसले.